दौलतरावांची पिकअप

आक्कांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बॉनेटवरनं हात फिरवला, बोट नाकाशी नेऊन रंगाचा वास घेतला. मग उजवीकडचं दार उघडून आत वाकून बघितलं, दार हळूच लावलं आणि म्हणाल्या, "छान केलीय. पण ही आमची गाडी न्हवं."

मी रंधा घेऊन उभा होतो तो तसाच उभा राहिलो. शेजारी हसन पेंटर बिडी पेटवत होता, त्याची काडी बोटापर्यंत जळत आली.

"काकू, असं काय म्हणताय?" आक्कांचा पुतण्या सुजय रडकुंडीला आला. "नंबरप्लेट तीच, चॅसी तीच, इंजिन तेच. सहा महिने हे दोघं राबतायत."

"राबू देत की. मी कुठं नको म्हटलं?" आक्का म्हणाल्या आणि कमरेच्या छल्ल्यातली गाडीची किल्ली चाचपून बघत चालू लागल्या.

सगळं घोडं त्या किल्लीपाशी अडलं होतं.

ही गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. गडहिंग्लजला संकेश्वर रस्त्यावर माझा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि खाली भुसा. ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचो मी. सगळे मला धोंडी मिस्त्री म्हणायचे. सुजयचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि जुन्या गाड्यांचं वेड होतं. कोल्हापुरात जुन्या गाड्यांची रॅली भरणार असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि त्याला काकांची पिकअप आठवली. ती वीस वर्षं गोदामात कोंबड्यांच्या ताब्यात होती.

काका म्हणजे दौलतराव निकम, 'चंद्रकोर टूरिंग टॉकीज'चे मालक. जत्रा-उरूस आला की तंबू ठोकायचे आणि सिनेमा दाखवायचे. त्यांनी एक अमेरिकी पिकअप घेऊन तिची मागची बाजू आपल्या धंद्यासारखी बनवून घेतली होती. फिल्मच्या डब्यांसाठी सागवानी कप्पे, मशीनला कापसाच्या गादीची पेटी, टपावर भोंगा. आजूबाजूच्या शंभर गावांत तशी दुसरी गाडी नव्हती. आणि दौलतरावांसारखा दुसरा ड्रायव्हर नव्हता, असं अख्खं गाव सांगायचं. रात्री खेळ संपला की तंबू गुंडाळून ते निघायचे आणि उजाडायच्या आत पुढच्या गावात हजर. आंबोलीचा घाट, धुकं, एकच दिवा चालू, तरी गाडी कधी दगडालासुद्धा घासली नाही. चौकातल्या हॉटेलात ह्या गप्पा रोज व्हायच्या. दौलतराव जाऊन बारा वर्षं झाली, तरी गप्पा काही थांबल्या नव्हत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या त्या यमुनाबाई, म्हणजे आक्का. ठेंगण्या, काटक, साठी ओलांडलेल्या आणि जिभेला धार.

सुजयनं गाडी मागितली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "जशी होती तशी कर. मला ओळखू आली तर किल्ली देते. न्हाई आली तर परत कोंबड्यांना दे."

आता ह्यात माझी मिशी कुठनं आली ते सांगतो. माझी मिशी त्या काळी दोन्ही गालांवर पसरलेली होती, आणि तिच्या टोकांना मी रोज सकाळी देवपूजेसारखं तूप लावायचो. गाडी कारखान्यात आली त्याच दिवशी हसन म्हणाला, "मिस्त्री, हे आपल्याला जमायचं न्हाई. रॅलीतले लोक भिंग लावून बघत्यात म्हणं. नंतरची एक खिळा-पट्टी दिसली तरी मार्क कापत्यात."

"एक जरी खोट काढली तर मिशी उतरवीन," मी म्हटलं.

"बघा हं. चार माणसांत बोलताय."

चार माणसं कुठली? तो, मी, सुजय आणि एक कोंबडी. पण बोललो ते बोललो.

शिवाय रॅलीचा एक फॉर्म होता. सुजयनं वाचून दाखवला. गाडीत नंतरच्या काळातला कुठलाही बदल ठेवलेला नाही, असं मालकानं आणि मुख्य कारागिरानं लिहून द्यायचं होतं. सही करायला मी पुढं साठीत शिकलो, तेव्हा अंगठाच होता. दिला उमटवून.

आमच्याकडं पुरावा एकच, एक फोटो. एकोणसाठ सालचा. गाडी उभी आहे, टपावर भोंगा, आणि सहा फुटी दौलतराव फेटा बांधून फूटबोर्डावर एक पाय ठेवून उभे. त्या फोटोत बघायचं आणि करायचं, असा आमचा रिवाज. गाडी सोडवताना जे फोटोतल्या काळाचं वाटलं नाही ते मी काढून टाकलं. सीटखाली कुणीतरी रबरी चटई घातली होती, काढली. आरशाला पितळी फुलं होती, काढली. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर चार-चार बोटं जाडीचे दोन लाकडी ठोकळे स्क्रूनं आवळले होते आणि सीटच्या पाठीला एक फळी होती. पुढं कुणा बुटक्या ड्रायव्हरनं केलेला हा उद्योग, असं म्हणून मी ते पण काढलं. फळी भुशात गेली. ठोकळे चांगले टणक होते, ते चहाच्या डुगडुगणाऱ्या बाकाखाली सरकवले.

तर आक्कांनी पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा आम्ही रंगावर संशय घेतला. फोटो काळा-पांढरा. हसननं आपल्या मनानं बाटलीचा हिरवा मारला होता. मी आणि तो आक्कांच्या दारात गेलो.

"आक्का, रंग कुठला होता?"

"कच्च्या चिंचेचा."

"म्हणजे पोपटी?"

"पोपटाचा सांगायचा असता तर पोपटाचा सांगितला असता. चिंचेचा. सालीवरची भुकटी पुसल्यावर आतनं दिसतो तो."

हसन तीन दिवस खिशात चिंचा घेऊन हिंडत होता. डब्यात रंग कालवायचा, चिंच शेजारी धरायची, मान हलवायची आणि चिंच खायची. तिसऱ्या दिवशी त्याचे दात इतके आंबले की भाकरी चावता येईना, पण रंग सापडला.

आक्का आल्या. फेरी मारली. "रंग हाच," म्हणाल्या. हसन फुलून गेला. मग त्यांनी उजवीकडचं दार उघडलं, आत वाकल्या, लावलं. "पण गाडी ही न्हवं."

"आता काय राहिलं?" हसन ओरडलाच.

"भोंग्याचं तोंड बघ कुठं हाय."

"पुढं. फोटोत पुढंच हाय की!"

"फोटोसाठी वळवला हुता. एरवी मागं असायचा. पुढं ठेवला तर चालवणाऱ्याचे कान फुटत्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "फोटोत काय, सगळं पुढं तोंड करूनच उभं असतंय."

भोंगा मागं वळवला. रॅली रविवारी, आणि गुरुवारी आक्का तिसऱ्यांदा आल्या. पुन्हा तेच. फेरी, दार, वाकणं. "न्हवं."

सुजय डोकं धरून भुशात बसला. "काकूंना गाडी द्यायचीच नाही. सरळ तसं म्हणत का नाहीत?"

"वायर जोडून चालू करून नेऊ या की," हसन म्हणाला.

"आणि रॅलीत? काकूंच्या गाडीला वायर जोडताना बघून लोक मला चोर म्हणतील."

माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आक्का आयुष्यभर त्या गाडीत बसल्या त्या डावीकडं, नवऱ्याच्या शेजारी. मग तिन्ही वेळा उजवीकडचंच दार का उघडलं? आणि दरवेळी नजर खाली का? खाली होतं काय, पेडल सोडून?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हसन नमाजाला गेलेला. माझी बायको कौसल्या जेवण घेऊन आली आणि बाकावर बसली. बाक डुगडुगला.

"एवढा मिस्त्री तुमी आणि बसायला बाक असा!"

मी खाली वाकून बाकाखालचा सरकलेला ठोकळा बाहेर काढला. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतनं नेमकं त्याच्यावर पडलं. इतके दिवस मी त्याचा टणकपणा बघितला होता, तोंड कधी बघितलं नव्हतं. वरची बाजू पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली. पण एका कडेला बारीक ओरखडे होते, शेकडो. सरळ नव्हेत, चंद्रकोरीसारखे वाकडे. पटाशीचे नव्हेत, करवतीचे नव्हेत, कानशीचेही नव्हेत. चाळीस वर्षं लाकडात घातलेला माणूस मी, पण असं कुठल्या हत्यारानं होतं ते मला सांगता येईना.

"हे कशानं झालं असंल गं?"

कौसल्यानं भाकरी मोडता मोडता बघितलं. "हे व्हय? जोडव्यानं. आपल्या उंबऱ्याला न्हाईत का, माझ्या पायाचे?"

घास माझ्या हातात राहिला.

मी उठलो, गाडीच्या मागं गेलो आणि फिल्मचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. ठोकळा त्या सागाच्या शेजारी धरला. एकाच लाकडाचे तुकडे. कप्प्यात निम्मी राहिलेली गाठ ठोकळ्यात पुरी होत होती. म्हणजे ज्या दिवशी ही बॉडी बांधली, त्याच दिवशी, त्याच सुतारानं ते ठोकळे कापले होते.

"काय झालं?" कौसल्या म्हणाली.

"काय न्हाई. आणि कुणाला बोलू नकोस."

"काय न्हाई तर बोलू कशाला?" ती म्हणाली आणि ताट पुढं सरकवलं.

भुशातनं फळी हुडकून काढली. संध्याकाळपर्यंत तिन्ही जिथल्या तिथं बसवलं, जुन्याच भोकांत, जुन्याच स्क्रूंनी. शनिवारी सकाळी सुजयला पेट्रोल आणायला पिटाळलं, हसनला झेंडूच्या माळा आणायला, आणि आक्कांना बोलावणं धाडलं.

ह्यावेळी त्यांनी फेरी मारली नाही. थेट दार उघडलं आणि खाली बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "किती जणांना सांगितलंस?"

"कुणाला न्हाई. कौसल्याला ठाऊक हाय."

"म्हंजे गावाला ठाऊक."

"न्हाई आक्का. ती पोटात ठेवती."

"मग चढ पलीकडनं."

पदर खोचून त्या चढल्या. छल्ल्यातनं किल्ली काढली. गाडी एका झटक्यात चालू झाली, जणू कालच गोदामात लावली होती. आणि त्या चिमुकल्या बाईनं ती धूड गाडी माझ्या कारखान्यातनं, लाकडाच्या दोन ढिगांमधनं, एक वीत जागा राखून मागं काढली आणि माळाच्या रस्त्याला लावली. मी दाराची कडी धरून बसलो होतो.

"कडी सोड. तुझ्या हातात येईल ती," आक्का म्हणाल्या.

"आक्का, मग घाटातनं, रात्रीचं..."

"ह्यांना रातचं काय दिसायचं न्हाई रे. दिवस बुडला की भिंतीला हात लावून चालायचे. आणि धंदा सगळा रातचा! लगीन झालं त्या वर्षी मला माळावर गाडी शिकवली, आणि मग ही गाडी बांधली तेव्हा माझ्या पायांच्या मापानं ठोकळे करून घेतले. ह्यांचा कोट घालायचा, डोक्याला मफलर. गाव जवळ आलं, उजाडलं, की हे इकडं आणि मी तिकडं. शेवटपर्यंत कुणाला कळलं न्हाई."

"आणि गाव म्हणतंय, दौलतरावांसारखा..."

"म्हणू दे की. ऐकून खूश व्हायचे. रात्री मला म्हणायचे, आज हॉटेलात लोक तुझी लई तारीफ करत हुते." त्या हसल्या. "पण मी शब्द दिला हुता. कुणाला सांगणार न्हाई म्हणून. म्हणून तुमाला तोंडानं सांगता येईना."

माळाला वळसा घालून गाडी परत कारखान्यात आणून लावली. किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ओळखली. आता रॅलीला जाताना ठोकळे काढून ठेव. उगंच तुझी मिशी जाईल. मला ठाऊक हाय पैजेचं, हसन सगळीकडं सांगत सुटलाय."

मी विचार केला. फार नाही, किल्ली खिशात घालायला लागतो तेवढाच. "न्हाई आक्का. जशी हुती तशी, असा अंगठा दिलाय मी."

सुजयनं ठोकळे बघून कपाळावर हात मारला. "हे काय मध्येच?"

"ह्याच्याशिवाय किल्ली मिळत नव्हती," मी म्हटलं. ते खरंच होतं.

रविवारी कोल्हापूरच्या मैदानात आमची गाडी उभी राहिली. आजूबाजूला राजा-महाराजांच्या वाटाव्यात अशा मोटारी, आणि मध्ये आमची चिंच. तरी गर्दी आमच्यापाशीच. पांढरी हॅट घातलेले एक परीक्षक आले. कप्पे उघडून बघितले, भोंगा बघितला, रंगाला नख लावून बघितलं. "वा!" म्हणाले. हसन छाती काढून उभा. आक्का छत्रीखाली खुर्चीत बसलेल्या.

मग साहेब स्टिअरिंगवर बसले. गुडघे स्टिअरिंगला अडकले.

"मालक किती उंच होते?"

"सहा फूट," सुजयनं फोटो पुढं केला.

"मग हे ठोकळे कुणाचे?"

सुजयनं माझ्याकडं बघितलं. हसननं बघितलं. मला तो खालचा कप्पा उघडून गाठीला गाठ जुळवून दाखवता आली असती. मग साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता, सहा फुटी माणसाला ठोकळे कशाला? आणि त्याचं उत्तर छत्रीखाली बसलं होतं. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"माझी चूक, साहेब. मीच बसवलेत."

"फॉर्मवर अंगठा तुमचाच ना?"

"व्हय."

साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं. बक्षीस कुणा निळ्या मोटारीला गेलं. हसननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं धीर देतोय.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मैदानाच्या कोपऱ्यावर न्हावी हाय."

न्हाव्याकडनं परत आलो तेव्हा माझ्या ओठावर वारा लागत होता. तीस वर्षांत तिथं कधी वारा लागला नव्हता. आक्कांनी एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसल्या का काय, कळलं नाही.

परतताना सुजय गाडी चालवत होता, आक्का त्याच्या शेजारी. मी आणि हसन मागं कप्प्यांना पाठ टेकून. सूर्य अजून कासराभर वर होता. गावाबाहेरच्या पुलाशी गाडी थांबली. पुढं काहीतरी बोलणं झालं. बघतो तर सुजय खाली उतरला, तोंड उघडं, आणि डावीकडं जाऊन बसला.

गाडी निघाली. ती अशी निघाली की मागं बसलेल्या हसनची टोपी उडाली.

"हे कोण चालवतंय?" त्यानं मला विचारलं.

"जोरात जातीय, गप बस."

भर बाजारातनं आक्कांनी गाडी नेली. पदर डोक्यावर, कोपर खिडकीत. पानवाला उठून उभा राहिला. तेली दुकानातनं बाहेर आला. पोरं मागं पळायला लागली. आक्कांनी थेट चौकात हॉटेलासमोर ब्रेक लावला. बाकड्यांवरची सगळी म्हातारी मंडळी, दौलतरावांच्या घाटातल्या गोष्टी सांगणारी, चहाचे कप घेऊन रस्त्यावर आली.

"आक्का!" एक जण म्हणाला. "हे तुमाला कधीपासनं येतंय?"

"सत्तावन्न सालापासनं."

"आमाला कसं दिसलं न्हाई?"

"ह्यांना रातचं दिसत न्हवतं," आक्का म्हणाल्या, "आणि तुमाला दिवसाचं."

मग त्या बाकड्यांवर जे हसू सुटलं, ते समोरच्या गिरणीपर्यंत गेलं. मी उतरून खिडकीपाशी गेलो, तर आक्का हसत नव्हत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत होत्या, आणि हलकेच, स्वतःशीच म्हणाल्या, "बारा वर्षं गप राहिले. आता पुरे म्हणाल तुमी पण." ते त्या कुणाला म्हणाल्या ते मला कळलं. मग खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"हसन! खाली ये. माझ्या पायाखाली बघ काय हाय."

हसननं दारातनं वाकून बघितलं. त्या दोन पायांकडं, जोडव्यांकडं, ठोकळ्यांकडं. मग वळून माझ्या उघड्या ओठाकडं.

"ह्यात खोट कुठली हाय?" आक्का म्हणाल्या.

"कुठलीच न्हाई, आक्का."

"मग मिस्त्रीची मिशी परत कर."

"परत कशी करू? मी काय न्हावी हाय?"

"न्हावी काढतो. लावतो तो पेंटर."

बाकड्यांनी हा विषय उचलून धरला. हसनच्या पिशवीत ब्रश असायचाच. पलीकडं हॉटेलाच्या पाटीचं काम अर्धं पडलं होतं, तिथनं काळ्या रंगाचा डबा कुणीतरी आणून दिला. मला बाकड्यावर बसवलं, दोघांनी डोकं धरलं, आणि हसननं अर्ध्या गावासमोर, जीभ दातात धरून, माझ्या दोन्ही गालांवर मिशी काढली. टोकंसुद्धा वर वळवली. तो रंग पुढं आठ दिवस निघाला नाही.

आक्का गाडीतनं उतरल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं, वाकून खालनं बघितलं.

"छान केलीय," म्हणाल्या. "पण ही मिस्त्रीची मिशी न्हवं."